टेट सेंट आयव्ह्जची नवी इमारत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाशी, कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर सेंट आयव्ह्ज नावाचं एक लहानसं बंदरगाव आहे. टेट या ब्रिटनमधल्या मोठ्या कलासंस्थेचं टेट सेंट आयव्ह्ज हे कलासंग्रहालय तिथे आहे. त्याला ऑक्टोबर २०१७ मध्ये नवी इमारत जोडली गेली. फोटोंमध्ये ही इमारत शोधायला गेलं तर पटकन सापडत नाही. त्यामुळे तिच्याबद्दल प्रश्नही फार येतात. आर्किटेक्चरचे विद्यार्थी विचारतात, नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेले आणि सुट्टीत कॉर्नवॉलला निघालेले लोक विचारतात, चित्रकलेवर प्रेम करणारेही विचारतात. माझं मत आधीच सांगून टाकतो. समुद्राकाठची जी संग्रहालयं अलीकडे वाढवली गेली, त्यांत मला ही वाढ सगळ्यांत समंजस वाटते. असं का वाटतं, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

एवढ्याशा गावात टेटसारखी मोठी संस्था आलीच कशी?

चित्रकार आधी आले, संस्था फार नंतर. सेंट आयव्ह्ज हे मुळात मासेमारीचं गाव. १८७७ मध्ये तिथे रेल्वे पोहोचली आणि पाठोपाठ चित्रकार येऊ लागले. गावाच्या तिन्ही बाजूंना समुद्र, पायाखाली फिकट वाळू आणि वरून सतत बदलणारं आकाश, यामुळे तिथला उजेड वेगळाच आहे. मासळी साठवायच्या आणि जाळी ठेवायच्या जुन्या माड्या रिकाम्या होत गेल्या तसे त्यांत स्टुडिओ थाटले गेले. १९२० मध्ये बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हामादा यांनी इथे मातीकामाची भट्टी सुरू केली. १९३९ मध्ये युद्ध तोंडावर आलं असताना शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आणि चित्रकार बेन निकोल्सन लंडन सोडून इथे आले. शिल्पकार नाउम गाबोही आले. पुढच्या पिढीत पीटर लॅनियन, पॅट्रिक हेरॉन, टेरी फ्रॉस्ट, विल्हेल्मिना बार्न्स-ग्रॅहॅम अशी मोठी नावं याच गल्ल्यांमधून पुढे आली.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो आल्फ्रेड वॉलिस. आधी समुद्रावर काम केलं, मग भंगार आणि जुनं बोटसामान विकलं, आणि बायको गेल्यावर साठी उलटून गेलेली असताना चित्रं काढायला घेतली. पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे आणि बोटी रंगवायचा रंग, एवढीच त्याची सामग्री. १९२८ मध्ये निकोल्सन आणि क्रिस्टोफर वुड यांना त्याच्या दारातून आतली चित्रं दिसली आणि ते थबकले. १९४२ मध्ये तो गरीबखान्यात वारला. त्याची कबर बार्नून दफनभूमीत आहे. टेटच्या अगदी शेजारी, समुद्राकडे उतरणाऱ्या टेकडीवर. कबरीवर लीच यांनी स्वतः केलेल्या झिलईच्या टाईल्स आहेत, त्यावर एक दीपगृह आणि त्याच्या पायथ्याशी एक छोटा म्हातारा माणूस. या टाईल्स लक्षात ठेवा, नव्या इमारतीबद्दल बोलताना त्या पुन्हा लागतील.

हेपवर्थ १९७५ मध्ये गेल्या. त्यांचा स्टुडिओ आणि शिल्पांची बाग १९७६ पासून लोकांसाठी खुली झाली आणि १९८० मध्ये तिची जबाबदारी टेटकडे आली. तिथून टेटचा गावात पाय रोवला गेला. इथे घडलेली चित्रं इथेच, त्याच उजेडात पाहायला मिळावीत, ही मागणी त्यातूनच पुढे आली.

१९९३ ची मूळ इमारत कशी आहे?

वास्तुकार एल्ड्रेड इव्हान्स आणि डेव्हिड शालेव्ह. त्याआधी त्यांनी कॉर्नवॉलमध्येच, ट्रुरो शहरातलं न्यायालय बांधलं होतं आणि ते वाखाणलं गेलं होतं. सेंट आयव्ह्जमध्ये जागा मिळाली ती पोर्थमिअर समुद्रकिनाऱ्यासमोर, बंद पडलेल्या गॅस कारखान्याची. तिथे गॅसची भलीमोठी गोल टाकी उभी होती. वास्तुकारांनी तो गोल आकार उचलला आणि इमारतीच्या तोंडाशी उघडं, अर्धगोल आवार केलं. वाऱ्याने ओढल्यासारखे तुम्ही बीचवरून त्या गोलात शिरता, मग पायऱ्या चढत, वळणं घेत दालनांपर्यंत जाता. गावातल्या गल्ल्यांमधून चढावं तसंच हे चढणं आहे. वाटेत मधेच खिडकीतून समुद्र दिसतो, पुन्हा लपतो. प्रवेशाजवळ पॅट्रिक हेरॉन यांची रंगीत काचेची खिडकी आहे, ती शिशाच्या पट्ट्या न वापरता केलेली आहे. त्यामुळे रंगाला रंग थेट भिडतो.

ही इमारत लोकांनी मनापासून स्वीकारली. तीच तिच्यापुढची अडचण ठरली.

मग ती वाढवावी का लागली?

वर्षाला साधारण सत्तर हजार माणसं येतील असा हिशेब धरून ती बांधली होती. आले दोन लाखांच्या वर. उन्हाळ्यात जिन्यांवर रांगा लागत.

पण गर्दीपेक्षा मोठा पेच वेगळा होता. दालनं मोजकी, आणि तीही लहान. नवं प्रदर्शन लावायचं म्हणजे जुनं उतरवायचं, आणि तेवढे दिवस अख्खं संग्रहालय बंद. हे दर वर्षी अनेकदा व्हायचं. बाहेरून मोठं प्रदर्शन आणलं की सेंट आयव्ह्जच्याच चित्रकारांना भिंत उरत नसे. वॉलिस आणि हेपवर्थ पाहायला दुरून आलेल्या माणसाला त्यांचं काम त्या दिवशी दिसेलच याची खात्री देता येत नव्हती. मला हे फार खटकतं. ज्यांच्यामुळे ही इमारत उभी राहिली त्यांनाच तिच्यात कायमची जागा नसावी!

शिवाय चित्रं आत आणायला धड वाटही नव्हती. ट्रक थांबवून पेटारे झाकलेल्या जागेत उतरवावेत, तिथून थेट दालनात न्यावेत, ही कोणत्याही संग्रहालयाची प्राथमिक गरज आहे. जुन्या इमारतीत त्यासाठी जागाच ठेवलेली नव्हती.

गावाने विस्ताराला विरोध केला होता, हे खरं का?

हो. पहिली योजना २००५ च्या सुमाराची. संग्रहालयामागे टेकडीवर बार्नूनचं वाहनतळ आहे, त्याच्या जागेत बांधायचं ठरत होतं. स्पर्धा जेमी फोबर्ट यांनी जिंकली होती. कॅनडात जन्मलेले, लंडनमध्ये काम करणारे वास्तुकार. गावकऱ्यांनी ती योजना उचलून धरली नाही. सेंट आयव्ह्जच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की गाडी लावायची जागा गेली तर रोजचं जगणं अडतं. आणि टेकडीवर नवं धूड उभं राहिलं तर मागच्या घरांचा समुद्र जातो. दोन्ही हरकती रास्त होत्या. योजना बारगळली.

पुढे शेजारचीच एक जागा मिळाली. तिथे ज्येष्ठांसाठीची जुनी घरं होती, ती दुसरीकडे हलवली गेली आणि जागा कॉर्नवॉल कौन्सिलने घेतली. पुन्हा स्पर्धा झाली, पुन्हा फोबर्टच निवडले गेले. या वेळी त्यांनी गावाशी बोलत बोलत आराखडा केला आणि जवळजवळ सगळी इमारत टेकडीच्या पोटात घातली.

विद्यार्थ्यांना मी हा भाग आवर्जून वाचायला सांगतो. लोकांचा विरोध म्हणजे कामातला अडथळा, असं आपल्याला शिकताना नकळत वाटायला लागतं. इथे विरोध झाला नसता तर चांगली इमारत झाली नसती. गावाला काय गमवायचं नव्हतं ते पहिल्या फेरीत स्पष्ट झालं आणि दुसरा आराखडा त्याच्याभोवती विणला गेला.

बीचवरून पाहिलं तर नवी इमारत दिसते का?

फारशी नाही. समोर दिसते ती जुनी पांढरी इमारतच. नवं दालन टेकडीत खोदलेलं आहे, त्याच्या छतावर हिरवळ आणि दगड आहेत, आणि मागच्या बाजूला निळसर टाईल्सचा एक छोटा मांडव डोकावतो. नवं दालन सुमारे ५०० चौरस मीटरचं आहे. संग्रहालयाची प्रदर्शनाची जागा त्यामुळे दुप्पट झाली. तरी गावाच्या आकाशरेषेत फरक पडला तो एवढाच.

टेकडी खोदणं किती अवघड होतं?

बरंच. खडक अतिशय कठीण, भोवती दाट वस्ती, खाली गर्दीचा बीच आणि पोहोचायला चिंचोळे रस्ते. सुरुंग लावून मोकळं व्हावं अशी ती जागा नव्हे. खडक थोडाथोडा फोडत, उतार आधाराने धरून ठेवत, राडारोडा त्याच गल्ल्यांमधून बाहेर काढत काम करावं लागतं. त्यात टेकडीतून पावसाचं पाणी झिरपत राहतं. अशा बांधकामात भिंतीला मातीचा रेटा आणि पाण्याचा रेटा असे दोन्ही सोसावे लागतात. म्हणून भिंतीमागे पाणी वाहून न्यायची सोय आणि जलरोधक थर यांना पर्याय नसतो. हे काम प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. ते दिसलं, म्हणजे भिंतीवर ओल आली, तर काम फसलं.

जमिनीखालच्या दालनात दिवसाचा उजेड कसा येतो?

या इमारतीचा जीव इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दालनाच्या छतात सहा मोठे प्रकाशकक्ष आहेत. वरच्या बागेतून काचेवाटे उजेड त्यांत उतरतो, कक्षांच्या भिंतींवर आपटून मऊ होतो आणि मग खाली येतो. कक्षांच्या खाली काँक्रीटच्या खोल तुळया ओळीने आहेत. दालनात शिरून मान वर केलीत की आधी या तुळयाच दिसतात. फिकट राखाडी, गिलावा न केलेल्या, आणि त्यांच्या मधल्या फटींतून येणारा उजेड एका तुळईच्या अंगावर उजळ तर शेजारच्या तुळईच्या अंगावर मंद.

या तुळया एकाच वेळी तीन कामं करतात. एक, त्या दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातात, त्यामुळे मध्ये एकही खांब लागत नाही. दालन सलग राहतं, आणि हवं तेव्हा तात्पुरत्या भिंती घालून त्याच्या सहा खोल्याही करता येतात. दोन, वरच्या बागेच्या मातीचा, दगडांचा आणि माणसांचा भार त्या पेलतात. आणि तिसरं काम उन्हाचं. थोडा हिशेब मांडून पाहू. सेंट आयव्ह्ज साधारण ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ६३ अंश वर येतो, आणि डिसेंबरात तर १६ अंशांवरच रेंगाळतो. म्हणजे ऊन नेहमीच तिरपं. तिरपा किरण खोल फटीत शिरला तर तो तुळईच्या बाजूवर अडतो, चित्रापर्यंत पोहोचत नाही. पोहोचतो तो परावर्तित उजेड.

आणि तो पोहोचायला हवाच, कारण ही चित्रं दिवसाच्या उजेडात रंगवलेली आहेत. बाहेर ढग सरकला की आतही किंचित सावट येतं, पुन्हा उजळतं. पूर्ण विजेवर चालणाऱ्या दालनात हे कधी होत नाही. अर्थात उजेडाला मर्यादा घालावी लागते. लक्स हे उजेड मोजायचं एकक. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्स आणि तैलचित्राला २०० लक्सच्या आसपास, अशी संग्रहालयांची सर्वसाधारण पद्धत आहे. बाहेर भर दुपारी याच्या कित्येक पट उजेड असतो. म्हणून पडदे, गाळण्या आणि दिवे यांची जोड लागतेच, आणि एखाद्या प्रदर्शनासाठी वरचा उजेड पूर्ण बंदही करावा लागतो.

समुद्र एवढा समोर असताना नव्या दालनाला समुद्राकडे खिडकी का नाही?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात थोडी निराशा असते. मला मात्र वाटतं, वास्तुकाराने इथे सर्वांत धाडसी निर्णय घेतला.

समुद्राकाठी बांधायला मिळालं की कोणाच्याही हाताला पहिली गोष्ट सुचते ती म्हणजे जमिनीपासून छतापर्यंतची काच. पण काचेतून समुद्र दिसत असताना भिंतीवरच्या चित्राकडे कोण पाहणार? डोळ्याची बाहुली बाहेरच्या झगझगाटाला जुळवून घेते, आणि मग आत वळून पाहिलं की चित्र काळवंडलेलं दिसतं. शिवाय भिंत जाते. ज्या बाजूला काच, त्या बाजूला काही टांगता येत नाही, आणि संग्रहालयात भिंतीइतकी महाग गोष्ट नसते.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे समुद्राचं दर्शन जुन्या इमारतीने आधीच दिलेलं आहे. गोल आवारातून लाटांचा आवाज येतो, वक्राकार दालनातून बीच दिसतो, वरच्या कॅफेतून निळं पाणी दिसतं. प्रेक्षक समुद्र डोळ्यांत साठवून नव्या दालनात येतो. तिथे त्याला शांतपणे चित्रं पाहायची असतात. नव्या दालनातही समुद्र आहेच, पण तो छतातून येतो, उजेडाच्या रूपाने.

आणि मागच्या घरांचा समुद्र कोणी हिरावून घेतला नाही. दालनाने स्वतःची खिडकी सोडली आणि गावाच्या खिडक्या राखल्या. नव्याने बांधणाऱ्याने शेजाऱ्यासाठी असं काही सोडून द्यायचं असतं, हे मला मनापासून पटतं.

मग ते टाईल्सचं बांधकाम कशासाठी आहे?

तो कामाचा भाग आहे. चित्रांचे पेटारे घेऊन आलेला ट्रक टेकडीच्या वरच्या रस्त्याने येतो, तिथेच सामान झाकल्या जागेत उतरतं आणि खाली दालनाच्या पातळीवर नेलं जातं. चित्रांची देखभाल करणाऱ्यांची आणि कार्यालयाची जागाही तिथे आहे. लांबून आलेला पेटारा लगेच उघडत नाहीत. साधारण चोवीस तास तो बंदच ठेवायचा, आतलं लाकूड आणि कॅनव्हास नव्या जागेच्या हवेला सरावू द्यायचं, मग झाकण काढायचं. यासाठी जागा लागते. जुन्या इमारतीची सगळ्यांत मोठी अडचण या छोट्या मांडवाने सोडवली.

बाहेरून त्याला झिलईच्या मातीच्या टाईल्स आहेत. रंग निळा म्हणावा तर हिरवट, हिरवा म्हणावा तर राखाडी. ढगाळ दिवशी त्या आकाशात मिसळून जातात आणि ऊन पडलं की पाण्यासारख्या चमकतात. लीच यांच्या भट्टीचं हे गाव, आणि हाकेच्या अंतरावर वॉलिसच्या कबरीवरही अशाच झिलईच्या टाईल्स. इथे पत्रा किंवा संगमरवर लावला असता तर तो परका वाटला असता.

छतावर कोणीही जाऊ शकतं का?

हो. दालनाचं छत म्हणजे सार्वजनिक बाग आहे. किनाऱ्यावरच्या खाऱ्या वाऱ्यात तग धरणारी झाडं आणि स्थानिक ग्रॅनाइट. टेकडीवरून बीचकडे उतरणाऱ्याला तिकीट न काढता या बागेतून जाता येतं. संग्रहालयाने गावाची जागा घेतली आणि त्याच जागेच्या वर गावाला वाट दिली.

खाऱ्या हवेत काँक्रीट टिकतं का?

मुंबईत समुद्रासमोरच्या इमारतीत राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. बाल्कनीच्या खालचा गिलावा फुगतो, सुटतो आणि आत तांबूस सळई दिसते. काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या लोखंडावर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि सळई गंजत नाही. समुद्राच्या वाऱ्याबरोबर क्लोराइड येतं, ते सूक्ष्म छिद्रांतून आत झिरपतं आणि हा थर फोडतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट आतून फुटतं.

यावर उपाय ठरलेले आहेत. सळईवर काँक्रीटचं जाड आवरण, कमी पाण्याचं दाट मिश्रण, बाहेरच्या उघड्या भागात उत्तम प्रतीचं स्टेनलेस स्टील, आणि पाणी साचू नये असे उतार. पण या इमारतीला सगळ्यांत मोठा फायदा झाला तो जमिनीत जाण्याचा. तिच्या बहुतेक भिंतींना खारा वारा लागतच नाही. उघडा राहतो तो टाईल्सचा मांडव, आणि झिलई केलेल्या भाजक्या मातीला मिठाचं काही वाटत नाही. अटलांटिकचा पाऊस तिला धुऊन काढतो.

हाच फायदा आतल्या हवेलाही मिळतो. चित्रांना एकसारखी हवा लागते. सध्याच्या आंतरराष्ट्रीय प्रथेनुसार आर्द्रता ४० ते ६० टक्के आणि तापमान १६ ते २५ अंश सेल्सिअस यांच्या दरम्यान राहिलं तर बहुतेक कलाकृती सुखरूप राहतात. टेकडीत गाडलेलं दालन उन्हाळ्यात पटकन तापत नाही, हिवाळ्यात पटकन गार पडत नाही. यंत्रांवरचा भार त्यामुळे कमी होतो.

जुनी आणि नवी इमारत वेगवेगळ्या लोकांनी केली का?

नवं दालन फोबर्ट यांचं. जुन्या इमारतीची डागडुजी आणि आतले फेरबदल इव्हान्स आणि शालेव्ह यांनीच केले. मूळ वास्तुकारांना बाजूला सारून दुसऱ्याच्या हाती सगळं सोपवायचं, असं अनेक ठिकाणी होतं. इथे तसं झालं नाही. दालनं एकाच पातळीवर जोडलेली असल्यामुळे प्रेक्षक पुन्हा त्याच जिन्याने मागे न फिरता पुढे जात राहतो. जुन्या दालनांत सेंट आयव्ह्जच्या चित्रकारांना आता कायमचं घर मिळालं आहे आणि नव्या मोठ्या दालनात बदलती प्रदर्शनं होतात. पहिलं प्रदर्शन शिल्पकार रेबेका वॉरन यांचं होतं.

डेव्हिड शालेव्ह २०१८ च्या सुरुवातीला वारले. आपल्या इमारतीचं पुढचं रूप त्यांना पाहता आलं, याचं मला बरं वाटतं.

खर्च किती आला? पुरस्कार मिळाले का?

डागडुजीसकट सगळ्या प्रकल्पाला सुमारे दोन कोटी पौंड. २०१८ मध्ये टेट सेंट आयव्ह्जला आर्ट फंडचा ‘म्युझियम ऑफ द इयर’ पुरस्कार मिळाला, एक लाख पौंडांचा. त्याच वर्षी ब्रिटनमधल्या वास्तुकलेच्या सर्वांत मानाच्या स्टर्लिंग पुरस्काराच्या अंतिम यादीतही ही इमारत होती. तो पुरस्कार लंडनच्या ब्लूमबर्ग मुख्यालयाला गेला.

या प्रकल्पावर काहीच टीका नाही का?

वास्तुकलेपेक्षा टीका आहे ती परिणामांवर. संग्रहालयामुळे पर्यटक वाढले, पर्यटकांमुळे घरांचे भाव वाढले, आणि बाहेरच्यांनी सुट्टीपुरती वापरायला घेतलेली घरं वर्षाचे बरेच महिने बंद राहू लागली. मे २०१६ मध्ये गावाने सार्वमत घेऊन, नवी बांधलेली घरं दुसरं घर म्हणून विकायला मनाई करणारी योजना ८० टक्क्यांहून जास्त मतांनी मंजूर केली. या सगळ्याचं खापर एकट्या संग्रहालयावर फोडणं बरोबर नाही, कॉर्नवॉलचा अख्खा किनारा यातून जातो आहे. पण चित्रकार इथे आले ते स्वस्तात जागा मिळत होती म्हणूनही. आजचा कफल्लक तरुण चित्रकार त्याच गल्लीत खोली घेऊ शकतो का, हा प्रश्न टेटनेही स्वतःला विचारत राहायला हवा.

दुसरी तक्रार अशी की बाहेरून काही ‘दिसत’ नाही. स्पेनमधल्या बिल्बाओच्या चमकदार गुगनहाइम संग्रहालयानंतर गावोगावी लोकांना चकाकतं चिन्ह हवं असतं. सेंट आयव्ह्जला त्याची गरज नव्हती. लोक तिथे आधीपासूनच येत होते.

समुद्राकाठच्या इतर कोणत्या संग्रहालयांशी तुलना करून अभ्यास करावा?

डेन्मार्कमधलं लुइझियाना सगळ्यांत आधी. १९५८ मध्ये यॉर्गन बो आणि विल्हेल्म वोलर्ट यांनी ओरेसुंड सामुद्रधुनीच्या काठावर एका जुन्या वाड्याला काचेच्या पडव्या जोडत ते सुरू केलं आणि पुढची तीन दशकं तेच दोघं ते वाढवत राहिले. तिथेही १९८२ ची दक्षिणेकडची दालनं उतारात लपवलेली आहेत. फोबर्ट यांच्या आराखड्याचा मोठा भाऊ म्हणावा तर हाच.

सिडनीत न्यू साउथ वेल्सच्या कलादालनाने डिसेंबर २०२२ मध्ये सानाआ या जपानी वास्तुकारांकडून नवी इमारत करून घेतली. ती बंदराच्या उतारावर पायऱ्यापायऱ्यांनी खाली जाते आणि तिच्या पोटात दुसऱ्या महायुद्धातली नौदलाची तेलाची टाकी आता प्रदर्शनाची जागा झाली आहे. कॅलिफोर्नियात ला होया इथे समकालीन कलेच्या संग्रहालयाचा ॲनाबेल सेल्डॉर्फ यांनी केलेला २०२२ चा विस्तार आहे. तिथे पॅसिफिककडे खिडक्या मोकळ्या सोडल्या आहेत, पण व्हेंचुरी आणि स्कॉट ब्राउन या वास्तुकारांनी पूर्वी केलेला खांबांचा दर्शनी भाग पाडला गेला आणि त्यावर बरीच जाहीर नाराजी व्यक्त झाली. जुन्या वास्तुकारांशी कसं वागावं, यासाठी ला होया आणि सेंट आयव्ह्ज शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

लंडनहून कसं जायचं आणि किती वेळ ठेवावा?

पॅडिंग्टनहून पेन्झान्सच्या गाडीने सेंट अर्थला उतरायचं, पाच ते साडेपाच तास लागतात. तिथून छोटी गाडी बदलायची. पंधरा मिनिटांच्या आत ती सेंट आयव्ह्जला पोहोचवते आणि सगळी वाट खाडी आणि समुद्राच्या कडेने जाते, खिडकीची जागा धरा. रात्रीची झोपायची गाडीही आहे. उन्हाळ्यात स्वतःची गाडी गावात नेऊ नका, जागा मिळत नाही. सेंट अर्थ स्टेशनला लावून रेल्वेने या.

एका दिवसात उरकायला जाऊ नका. सकाळी हेपवर्थ यांची बाग, मग टेट, आणि दुपारी स्टेनॅकच्या चढावर लीच यांची भट्टी. टेटमध्ये शिरताना बीचच्या बाजूने शिरा आणि बाहेर पडल्यावर वळसा घालून छतावरच्या बागेतून वर जा. तिथून बार्नून दफनभूमी दोन पावलांवर आहे. हिवाळ्यात वेळा कमी असतात, निघण्याआधी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.